मोटारीचा दिवा आणि समोरच्याचे डोळे

औशाहून उमरग्याकडे जाणारा रस्ता लातूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास किल्लारीजवळून जातो. दिवसां हा रस्ता काळ्या रानांतून, तुरीच्या शेतांतून आणि उसाच्या फडांतून जातांना सरळ व साधा वाटतो. रात्रीं मात्र त्याचें रूप पालटतें. समोरून एखादी गाडी येते, तिच्या दिव्यांचा पांढराशुभ्र झोत डोळ्यांवर आदळतो, आणि पुढचे तीन-चार क्षण चालकास रस्ता दिसत नाहीं, रस्त्याची कड दिसत नाहीं, आणि त्या कडेनें चाललेला मनुष्य तर मुळींच दिसत नाहीं. पुष्कळदां तो झोत मूळ गाडीचा नसतो. कारखान्यानें बसविलेला हॅलोजनचा बल्ब काढून बाजारांतून आणलेला अधिक प्रखर बल्ब त्या जागीं घातलेला असतो. घालणाऱ्याचा हेतु वाईट नसतो. रात्रीं त्याला अधिक दूरचें दिसावयास हवें असतें, एवढेंच. परंतु एकाला अधिक दिसावें म्हणून दुसऱ्याला कांहींच दिसूं नये, हा व्यवहार न्यायाचा आहे काय, असा प्रश्न त्यांतून निघतो. हा प्रश्न आजचा नाहीं. मोटारीच्या दिव्याचा सव्वाशें वर्षांचा इतिहास म्हणजे बहुतांशीं याच प्रश्नाचा इतिहास होय.

मोटारीपूर्वींच्या काळीं हा प्रश्न उद्भवण्याचें कारणच नव्हतें. शेतकरी रात्रीं गाडी जुंपून बाजारास निघे, तेव्हां गाडीखालीं कंदील टांगलेला असे. त्याचा उजेड चार हातांपलीकडे पडत नसे. पण त्याची अडचणही होत नसे, कारण वाट बैलांना पाठ असे आणि गाडीवान सुखानें डुलकी घेत असे. तो कंदील पाहण्यासाठीं थोडा आणि दिसण्यासाठीं अधिक होता. पालखी-मेण्यांपुढें मशालजी धांवत, वरातींपुढें हिलाल पेटत, आणि पुढें त्यांची जागा गॅसबत्त्यांनीं घेतली. या सर्व दिव्यांचा एक समान गुण असा कीं, त्यांचा उजेड चहूंकडे पसरून जाई. तो एकवटून कोणाच्या डोळ्यांवर फेंकला जात नसे. वाहनाचा वेग आणि दिव्याचा पल्ला यांचा मेळ जणूं निसर्गानेंच घालून दिलेला होता.

मोटारीनें हा मेळ मोडला. पहिल्या मोटारींवर घोडागाडीचेच दिवे होते, म्हणजे तेलाचे किंवा मेणबत्तीचे. ताशीं दहा-बारा मैलांच्या चालीस ते कसेबसे पुरत. पण वेग वाढूं लागला तेव्हां दिवा पुढें आणि गाडी मागें अशी स्थिति न राहतां गाडीच दिव्याच्या पुढें धांवूं लागली. अशा वेळीं उपयोगी पडलें तें कॅल्शियम कार्बाइड. १८९२ सालीं टॉमस विल्सन नांवाच्या एका कॅनेडियन संशोधकास विजेच्या भट्टींत दुसराच प्रयोग करीत असतां हा पदार्थ तयार होतांना आढळला, आणि त्यावर पाणी पडलें म्हणजे ॲसिटिलीन नांवाचा वायु निघतो हें लवकरच सर्वांस कळून आलें. फळें पिकविण्याकरितां ज्याचा वापर करण्यास आज कायद्यानें मनाई आहे, तीच ही पूड. दिव्याच्या खालच्या डब्यांत कार्बाइडचे खडे, वरच्या डब्यांत पाणी, आणि दोहोंमध्यें थेंब-थेंब पाणी सोडणारी एक तोटी, अशी त्या दिव्याची रचना होती. वायूची ज्योत पांढरी व तेजस्वी असे, आणि तिच्या मागें घासून लखलखीत केलेला अंतर्वक्र आरसा बसविला म्हणजे सर्व उजेड एका झोताच्या रूपानें पुढें जाई. उजेड एका दिशेस फेंकण्याची ही विद्या मोटारीच्या दिव्यांत खरी रुजली ती येथें. आणि समोरच्याचे डोळे दिपण्यास आरंभ झाला तोही येथेंच.

कार्बाइडचा दिवा मोठा कटकटीचा होता. तो पेटविण्यासाठीं गाडी थांबवून खालीं उतरावें लागे. वारा असला तर काडीमागून काडी विझे. प्रवास संपल्यावर डब्यांत सांचलेला चुन्याचा राडा खरवडून काढावा लागे. आणि सर्वांत मोठी अडचण ही कीं, समोरून कोणी येत आहे म्हणून ती ज्योत क्षणभर कमी करून पुन्हां मोठी करण्याची कांहीं सोय नव्हती.

ही सोय विजेनें केली. विजेचे दिवे मोटारीवर तत्पूर्वींही बसविले जात होते. पण त्यांची कार्बनची तार रस्त्याच्या हादऱ्यांनीं तुटे, आणि बॅटरी भरण्याचें साधन गाडींत नसे. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यानें टंगस्टन धातूची चिवट तार काढण्याची रीत शोधली. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग याच्या योजनेप्रमाणें स्टार्टर, डायनॅमो व बॅटरी यांची एकत्र व्यवस्था झाली. आणि १९१३ सालीं अर्व्हिंग लँगम्यूर यानें बल्बमध्यें निष्क्रिय वायु भरून तारेचें आयुष्य वाढविलें. थोड्याच वर्षांत कार्बाइडचा दिवा सायकलींपुरता उरला, आणि पुढें तेथूनही गेला.

पण दिवा बटन दाबतांच लागूं लागला तसा तो हवा तितका प्रखरही करतां येऊं लागला, आणि रस्त्यांवर अपघातांच्या तक्रारी ऐकूं येऊं लागल्या. त्यावर पुष्कळ उपाय झाले. कोणी कांचेवर आडव्या-उभ्या रेघा पाडल्या, कोणी संपूर्ण दिवाच दांडीनें खालीं वळविण्याची युक्ति काढली. टिकला तो उपाय १९२४ च्या सुमारास युरोपांत निघाला. एकाच बल्बमध्यें दोन तारा: एक दूरच्या झोतासाठीं, दुसरी जवळच्या झोतासाठीं. समोरून वाहन आलें कीं चालकानें खटका दाबावा आणि झोत खालीं उतरवावा. ज्याला आज आपल्याकडे ‘डिपर देणें’ म्हणतात, त्याचें मूळ येथें आहे. यंत्रशास्त्राच्या इतिहासांत दुसऱ्याच्या सोयीसाठीं आपली सोय क्षणभर कमी करण्याचा खटका क्वचितच आढळेल. मोटारीच्या दिव्यांत तो आहे. मात्र तो दाबणें न दाबणें हें शेवटीं मनुष्याच्याच हातीं राहिलें.

मराठवाड्यांत मोटारीचा दिवा सामान्य माणसाच्या ओळखीचा झाला तो मुख्यतः सार्वजनिक बसगाड्यांमुळें. किल्लारी त्या वेळीं हैदराबाद संस्थानांतील उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत मोडत असे. निजामाच्या सरकारी रेल्वेनें १९३२ च्या जून महिन्यांत २७ गाड्यांनिशीं आपलें रस्ता-वाहतूक खातें सुरू केलें. हिंदुस्थानांत सरकारनें चालविलेल्या बस-वाहतुकीचा हा एक अगदीं आरंभींचा प्रयोग होता. मुंबई इलाख्यांत पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली ती १ जून १९४८ रोजीं, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनीं. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. आणि १९८२ सालीं लातूर हा वेगळा जिल्हा झाला. या सर्व स्थित्यंतरांत मुक्कामाच्या गाडीचे दोन पिवळसर दिवे दुरून दिसणें ही खेड्यांतील संध्याकाळची एक खूण होऊन बसली. गाडी अर्धा कोस दूर असतांनाच तिची चाहूल लागे. पण त्या दिव्यांनीं कोणाचे डोळे जात नसत, कारण ते दिवे मंद होते आणि गाडीही सावकाश चाले.

मध्यंतरीं महायुद्धानें दिव्याच्या इतिहासांत एक कडू पण बोधप्रद प्रकरण घातलें. १९३९ सालीं ब्रिटनमध्यें शत्रूच्या विमानांपासून बचाव व्हावा म्हणून रस्त्यांवरील दिवे विझविण्यांत आले आणि मोटारींच्या दिव्यांवर झांकणें चढविण्यांत आलीं. परिणाम असा झाला कीं, १९४१ सालीं त्या देशांत रस्त्यांवर नऊ हजारांहून अधिक माणसें मरण पावलीं, आणि तीही पेट्रोलच्या टंचाईमुळें गाड्या कमी धांवत असतांना. आपल्याकडेही १९६५ व १९७१ च्या युद्धांत मुंबईसारख्या शहरांत मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा केला जात असे, हें अनेक घरांतील वडीलधाऱ्यांस आठवतें. उजेड अगदींच काढून घेतला तर काय होतें, हें त्या वर्षांनीं दाखविलें. तेव्हां चांगल्या दिव्याची मागणी ही चैन नव्हे. ती जिवाची गरज आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे.

या गरजेस मिळालेलें सर्वांत यशस्वी उत्तर म्हणजे हॅलोजनचा बल्ब. साध्या बल्बमध्यें तापलेल्या तारेवरून टंगस्टनचे कण हळूहळू उडतात आणि कांचेच्या आंतल्या बाजूस बसून ती काळवंडते. उजेड कमी होत जातो आणि अखेर तार तुटते. एल्मर फ्रिड्रिक व एमेट वायली या दोघां अमेरिकन तंत्रज्ञांनीं बल्बमध्यें आयोडिनची अल्पशी वाफ भरली. १९५९ सालीं त्यांना त्याचें पेटंट मिळालें. या बल्बांत तारेवरून उडालेला टंगस्टन कांचेजवळ आयोडिनशीं संयोग पावतो, तो संयुक्त वायु फिरत-फिरत पुन्हां तारेजवळ येतो, आणि तेथील प्रचंड उष्णतेनें फुटून टंगस्टन तारेवर परत ठेवतो. यामुळें कांच काळी पडत नाहीं, आणि तार अधिक तापवून अधिक शुभ्र उजेड घेतां येतो. मात्र कांच अतिशय तापलेली राहावी लागते. म्हणून ती क्वार्ट्झची व लहान आकाराची असते, आणि बोटाचा तेलकट डाग लागला तर त्या जागीं ती फुटण्याचा संभव असतो. १९६२ सालीं युरोपांत मोटारीसाठीं पहिला हॅलोजन बल्ब आला. आणि १९७१ सालीं दोन तारांचा ‘एच-४’ नांवाचा बल्ब आला, जो पुढें भारतांतील असंख्य गाड्यांत वर्षानुवर्षें वापरला गेला.

या एच-४ बल्बची रचना पाहिली म्हणजे बदलाबदलीचा सगळा वाद उलगडतो. यांत दूरच्या झोताची तार ६० वॅटची आणि जवळच्या झोताची ५५ वॅटची असते. जवळच्या झोताच्या तारेखालीं धातूची एक चिमुकली वाटी बसविलेली असते. ती वाटी खालीं जाणारा उजेड अडविते. त्यामुळें उजेड आरशाच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तेथून परतून खालीं रस्त्यावर उतरतो. वाटीच्या एका बाजूस थोडा उतार असतो. आपल्याकडे रहदारी डावीकडून असल्यामुळें त्या उतारामुळें डावीकडील कडेवर झोत थोडा वर चढतो, आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत तो पोंचत नाहीं. तात्पर्य, अंधाराची एक रेघ मुद्दाम आंखलेली असते. ही सारी रचना तार एका ठराविक जागीं आहे असें धरून केलेली असते, आणि ती जागा मिलिमीटरच्या अंशापर्यंत नेमलेली असते.

आतां बाजारांत जो अधिक वॅटचा बल्ब मिळतो, तो बहुधा १०० व ९० वॅटचा असतो. १२ व्होल्टवर ५५ वॅटच्या तारेस साधारण साडेचार अँपियर प्रवाह लागतो, तर १०० वॅटच्या तारेस आठ अँपियरहून अधिक. मूळची बारीक वायर आणि मूळचा खटका हा भार सोसण्यासाठीं केलेला नसतो. वायर तापते, होल्डर वितळतो, आरशाचा मुलामा करपतो. जाणता मिस्त्री म्हणून वेगळी जाड वायर टाकून मध्यें रिले बसवितो. पण येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. बल्बला मिळणारा दाब शेंकडा दहानें कमी झाला तर त्याचा उजेड शेंकडा तीसच्या आसपास कमी होतो. जुन्या गाडींत गंजलेले जोड आणि सैल अर्थिंग यांमुळें इतकी घट सहज होते. म्हणजे पुष्कळदां ज्या उजेडासाठीं नवा बल्ब आणला जातो, तो उजेड जुन्या बल्बमध्येंच दडलेला असतो. वायर व रिले नीट केले, पिवळी पडलेली कांच स्वच्छ केली, तर साठ वॅटचा बल्बही नव्यासारखा बोलूं लागतो.

हॅलोजननंतरचे दिवे आले तेही प्रथम मोठ्या गाड्यांत. १९९१ सालीं जर्मनींतील बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या गाडींत झेनॉनचा दिवा आला, आणि २००७ सालीं जपानच्या लेक्सस गाडींत जवळच्या झोतासाठीं एल.ई.डी. दिवा आला. ज्या निळ्या एल.ई.डी.मुळें पांढरा उजेड शक्य झाला, तिच्या शोधाबद्दल तिघां जपानी शास्त्रज्ञांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. हे दिवे उत्तम आहेत. पण ते त्यांच्यासाठीं बनविलेल्या आरशांत व भिंगांत. तोच दिवा हॅलोजनच्या आरशांत कोंबला कीं उजेडाचा उगम नेमल्या जागीं राहत नाहीं, आंखलेली रेघ पुसली जाते, आणि झोत चहूंकडे उधळतो. चालकास स्वतःच्या गाडीपुढचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून तो समाधान पावतो. वास्तविक दूरच्या रस्त्यावर पडावयाचा उजेड बराचसा जवळच सांडलेला असतो, आणि उरलेला समोरच्याच्या डोळ्यांत गेलेला असतो.

कायद्यानें हा विचार फार पूर्वीं केलेला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम सांगतो कीं, दिव्याचा झोत असा खालीं वळविलेला असावा, कीं दिव्यापासून आठ मीटर पुढें, त्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे ते दिपूं नयेत. दीड मीटर म्हणजे उभ्या असलेल्या साधारण मनुष्याच्या डोळ्यांची उंची. नियम लिहिणाऱ्यांपुढें केवळ दुसरा मोटारवाला नव्हता; रस्त्यांत उभा असलेला पादचारीही होता, असें या आंकड्यावरून वाटतें.

या पादचाऱ्याची आठवण किल्लारीच्या संदर्भांत विशेषच होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं झालेल्या भूकंपांत किल्लारी, सास्तूर आणि परिसरांतील गांवें जमीनदोस्त झालीं. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि मातीचीं जड माळवदें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं. त्यानंतर कित्येक दिवस लष्कराचीं, सरकारचीं आणि स्वयंसेवकांचीं वाहनें पावसांतून याच रस्त्यांनीं ये-जा करीत होतीं. पुढें ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. जुन्या गांवांत वाड्यांना वाडे चिकटलेले आणि बोळ इतके अरुंद, कीं मोटारीचा झोत वेशीपाशींच थांबे. नव्या गांवांत सरळ व रुंद रस्ते आले. भिंत कोसळली तरी माणसाला बाहेर पळतां यावें, मदतीची गाडी दारापर्यंत यावी, हा त्यामागील हेतु. तो रास्तच होता. पण रस्ता दारापर्यंत आला, त्याबरोबर मोटारीचा दिवाही ओट्यापर्यंत आला.

आणि रस्त्यावर केवळ मोटारी नाहींत. गळिताच्या हंगामांत उसानें भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे चाललेले असतात. अनेकांच्या मागें एकही लाल दिवा नसतो. पहांटे पायीं शेतावर निघालेलीं माणसें असतात. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत २२ मीटर जाते. प्रखर झोतानें दिपलेली दृष्टि सांवरावयास तीन सेकंद लागले, असें धरलें, तरी तेवढ्यांत ती गाडी ६६ मीटर अंतर आंधळेपणानें कापते. आणि वय वाढेल तसा हा सांवरण्याचा काळही वाढतो. या अंतरांत उसाची गाडी असली तर दोष कोणाचा? अपघाताच्या पंचनाम्यांत नांव लागतें धडकणाऱ्याचें; दिपविणारा तर केव्हांच पुढें निघून गेलेला असतो. आपल्या दिव्यामुळें मागें काय घडलें, हें त्याला कधीं कळतही नाहीं.

अंधाऱ्या रस्त्यावर दिसावें कसें, याला इतिहासानें एक निराळें उत्तरही दिलेलें आहे. १९३४ सालीं इंग्लंडांत यॉर्कशायरच्या पर्सी शॉ यानें रस्त्याच्या मध्यभागीं बसविण्याच्या कांचेच्या डोळ्यांचें पेटंट घेतलें. मांजराच्या डोळ्याप्रमाणें आलेला उजेड आल्या वाटेनें परत पाठवावयाचा, ही त्यांतील कल्पना. शॉनें दिवा वाढविला नाहीं. त्यानें रस्त्याला दिव्यास उत्तर देण्यास शिकविलें. उसाच्या गाडीच्या मागें, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, बैलांच्या शिंगांना जी चमकणारी पट्टी लावतात, आणि जिला सर्वजण ‘रेडियम’ म्हणतात, ती याच कल्पनेची नात होय. थोडक्या रुपयांची ती पट्टी साध्या हॅलोजनच्या उजेडांतही दुरूनच लाल चमकते. आणि ती कोणाचे डोळे दिपवीत नाहीं.

पूर्वींच्या गाडीवानाचा कंदील पाहण्यापेक्षां दिसण्यासाठीं होता. शंभर वर्षांत दिवा कंदिलाच्या शेंकडोंपट तेजस्वी झाला, आणि त्यांतील दुसरा अर्धा हेतु विसरला गेला. तो परत आणण्यास कोणा नव्या शोधाची जरूरी नाहीं. मूळ वॅटचा चांगला बल्ब, स्वच्छ कांच, नीट वायरिंग, भिंतीसमोर गाडी उभी करून बरोबर उंचीस आणलेला झोत, आणि समोरून उजेड दिसतांच डिपरवर जाणारा हात, एवढें पुरें आहे. रात्रीच्या रस्त्यावर दोन अनोळखी माणसें एकमेकांस शब्दही न बोलतां जेवढें सौजन्य दाखवूं शकतात, तें सारें त्या एका खटक्यांत आहे.